दोन वाढदिवस आणि एक शर्यत

लहान मुले असलेल्या घराला बाराही महिने कसली ना कसली तयारी असते. सण एक वेळ परवडतात. ते पंचांगात छापलेले असतात आणि सगळ्या गावाला एकाच दिवशी येतात. वाढदिवसांचे तसे नाही. ठाण्यात आम्ही राहतो त्या चार मजली इमारतीत दहा वर्षांखालची सतरा मुले आहेत. म्हणजे महिन्याला सरासरी दीड वाढदिवस एकट्या इमारतीतच पडतो. त्यात शाळेतले आणि नात्यातले मिळवले, की जवळजवळ दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरातून कोणीतरी रंगीत कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन बाहेर पडते आणि दोन तासांनी दुसऱ्या रंगीत कागदात गुंडाळलेली दुसरी वस्तू घेऊन परत येते. या दुसऱ्या वस्तूला 'रिटर्न गिफ्ट' म्हणतात. अशा रीतीने आमच्याकडे एकदा अकरा पेन्सिलपेट्या जमल्या होत्या. त्यांतल्या तीन आपणच दिलेल्या असून त्या गावभर फिरून स्वगृही परतल्या आहेत, असा आमच्या सौ.चा दाट संशय होता.

आमच्या लहानपणी वाढदिवस इतका हुशार झालेला नव्हता. सकाळी आंघोळ झाली की रांगोळी काढलेल्या पाटावर बसायचे. आई तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी आणि अक्षता घेऊन ओवाळायची. कपाळावरचे कुंकू थोडे नाकावर सांडायचे आणि तेच दिवसभराचे प्रमाणपत्र व्हायचे. शाळेत त्या दिवशी गणवेश माफ. वर्गात गोळ्या वाटायच्या, बाईंना दोन द्यायच्या आणि उरलेल्या मधल्या सुट्टीत जिवलग मित्राबरोबर संपवायच्या. संध्याकाळी चाळीतली मुले जमली की कागदी बशीत मूठभर वेफर्स, एक सामोसा आणि केकचा त्रिकोणी तुकडा. संपला वाढदिवस! आता आमच्या घरी औक्षणही होते आणि केकही कापला जातो. आईचा आग्रह एवढाच, की आधी निरांजन लावायचे आणि मग मेणबत्ती विझवायची. क्रम सांभाळला म्हणजे दोन्ही संस्कृती तिच्या ओट्यावर सुखाने नांदतात.

मात्र घरातल्या प्रत्येकाला ओवाळणाऱ्या या माझ्या आईला स्वतःचा वाढदिवस नाही. म्हणजे कागदावर आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५२ अशी तारीख आहे. पण तिच्या पिढीतले १ जूनला जन्मलेले लोक मोजायला एखादा परदेशी शास्त्रज्ञ आला, तर महाराष्ट्रात जन्म घेण्याचा हाच एक मुहूर्त असावा अशी त्याची खात्री पटेल. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे एखादे १ जूनचे माणूस असेलच. शाळा जूनमध्ये उघडायची. मुलाला हाताला धरून कोणीतरी मास्तरांसमोर उभे करायचे. जन्मतारीख विचारली, तर 'मोठा पूर आला होता त्या साली' असे उत्तर मिळायचे. मास्तर मुलाकडे एकदा नीट बघत, नाव दाखल करायला वय पुरेल असा अंदाज बांधत आणि मागचा एखादा १ जून रजिस्टरात लिहून मोकळे होत. जावळी तालुक्यातल्या डोंगराकाठच्या गावात आईचा जन्म झाला, तो आषाढात, भाताची लावणी चालू असताना, एवढेच तिच्या आईला आठवत होते. तिथी कोणी टिपून ठेवली नाही. हल्ली दर १ जूनला सकाळी तिच्या फोनवर बँकेच्या आणि विम्याच्या शुभेच्छा येतात. 'ती मास्तरांची तारीख आहे, माझी नव्हे,' असे म्हणून ती चष्मा काढते आणि फोन पालथा घालते.

आता शर्यतीकडे वळतो.

आमच्या सौ.ने पळायला सुरुवात केली ती २०२३ साली. तोपर्यंत ती रोज पळतच होती, पण ते ८.१२ च्या लोकलसाठी. त्याला व्यायाम म्हणायची पद्धत नाही. धाकटी चार वर्षांची झाली, रात्री सलग झोपू लागली आणि हिने एक दिवस पहाटे उठून तलावपाळीला एक फेरी मारली. पहिले काही महिने नुसते चालणे. मग दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर पळायचे आणि पुढचे चालायचे. मग तीन खांब. पुढे तिला चार मैत्रिणी मिळाल्या आणि रविवारची पहाट उपवन तलावाच्या काठी किंवा येऊरच्या चढावर उगवू लागली. घरात नाचणीची आंबील, खजूर आणि चिक्की यांचा शिरकाव झाला. पैठणीच्या दुकानासमोरून शांतपणे पुढे जाणारी ही बाई बुटांच्या दुकानासमोर पाय रोवून उभी राहू लागली. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा तिला विचारले, "काय हो वहिनी, कोणी मागे लागलंय का?" ही न थांबता म्हणाली, "हो काका, चाळिशी!"

घरातले एक माणूस पळायला लागले की बाकीच्यांच्याही वेळापत्रकात बदल होतो. रविवारी सकाळी दूध तापवणे, धाकटीच्या दोन वेण्या घालणे आणि चिरंजीवांना पांघरुणातून बाहेर काढणे ही खाती माझ्याकडे आली. वेणी हे काय प्रकरण आहे याची कल्पना पुरुषवर्गाला नसते. तीन पेड सारखे धरायचे, मूल सारखे हलत असते आणि शेवटी रिबिनीचे फूल करायचे असते. माझी पहिली वेणी पाहून धाकटी आरशासमोर बराच वेळ गप्प उभी होती. नंतर म्हणाली, "बाबा, आज आपण टोपी घालू या."

ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्री हिने मुंबई मॅरेथॉनचा अर्ज संगणकावर उघडला. ही शर्यत २००४ पासून होते आणि आता बरीच वर्षे तिचा दिवस जानेवारीतला तिसरा रविवार असतो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हिला अर्धी पळायची होती, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. नाव लिहिले, वय लिहिले, रक्तगट लिहिला आणि मग वर छापलेला दिवस वाचला : रविवार, १९ जानेवारी २०२५. तिने अर्ज तसाच मिटवला आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडायला घेतली.

१९ जानेवारी हा आमच्या कन्येचा वाढदिवस. ती २०१९ सालची. त्या रविवारी तिला सहा वर्षे पुरी होणार होती.

हिने या विषयावर एक शब्दही काढला नाही. पण घरात दहा वर्षांचा मुलगा असला की गुप्तता राहत नाही. दुसऱ्या रात्री जेवताना चिरंजीवांनी आमटीत बोट बुडवत जाहीर केले, "आई शर्यतीत नाव देणार नाहीये. हिचा वाढदिवस मध्ये येतोय."

धाकटीचा घास हातातच राहिला. आपण मध्ये येतो आहोत एवढेच तिला कळले.

"तसं काही नाही गं," ही म्हणाली. "शर्यत काय, पुढच्या वर्षीही असते."

आता हे वाक्य मराठी घरांत फार जुने आहे. गाण्याची परीक्षा पुढच्या वर्षी, बी. एड्. पुढच्या वर्षी, काशीयात्रा पुढच्या वर्षी. ते म्हणणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि ते पुढचे वर्ष कोणत्याही पंचांगात सापडत नाही. मी काही बोलणार तोच आई पानावरून उठली. हात धुतला, देवघराच्या खालच्या कप्प्यातून दाते पंचांग काढले आणि चष्मा लावून पौष महिन्याचे पान उघडले. सोलापूरहून निघणारे हे पंचांग पाडव्याला एकदा घरात आले की पुढच्या पाडव्यापर्यंतची सोय होते. त्यामुळे ऑगस्टमध्येही जानेवारी तिच्या हाताशी होता.

"पोरीचा जन्म पौष शुद्ध त्रयोदशीचा," ती म्हणाली. "ती येते अकरा जानेवारीला. शनिवारी. सकाळी लागते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपते. शनिवारी संध्याकाळी औक्षण, जेवण, तुमचा तो केक, सगळं होईल. तारखेच्या दिवशी सूनबाईला पळू दे."

"पण आई, मुलांना तिथी-बिथी काय कळणार?" ही म्हणाली.

"कळेल हो. तुझ्या नवऱ्याचे पहिले पाच वाढदिवस मी तिथीनंच केलेत. काही बिघडलंय का त्याचं?"

या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली ती मला फारशी आवडली नाही.

धाकटीच्या शंका मात्र सोप्या नव्हत्या. "मग मी सहा वर्षांची कधी होणार? शनिवारी की त्या रविवारी?" तिला समजेल अशा भाषेत सांगणे भाग होते. मी तिला आणि चिरंजीवांना जमिनीवर बसवले आणि दोन वाट्या मांडल्या. ही वाटी चंद्राची आणि ही सूर्याची. तिथी चंद्रावरून ठरते, तारीख सूर्यावरून. बारा पौर्णिमा होऊन चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांत पुरे होते, सूर्याचे ३६५ दिवसांत. म्हणजे चंद्र दर वर्षी अकरा दिवसांनी पुढे पळतो. असेच चालू दिले तर काही वर्षांत दिवाळी भर पावसाळ्यात येईल. म्हणून आपल्याकडे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास धरतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता तो असाच.

चिरंजीवांनी चंद्राची वाटी पुढे सरकवली, सूर्याच्या वाटीची थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे चंद्र जोरात पळतो, आणि मग सूर्य मागे राहिला म्हणून थांबतो?"

ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने हे कितपत बरोबर आहे ते जाणकारांनी पाहावे. मला ते पुरेसे वाटले. मी त्यांना पुढचीही गंमत सांगितली. तारीख आणि तिथी जन्माच्या दिवशी एकत्र असतात, मग त्यांची ताटातूट होते आणि एकोणीस वर्षांनी ती दोघे जवळजवळ त्याच जागी पुन्हा भेटतात. चिरंजीवांनी लगेच बोटांवर हिशेब केला. "म्हणजे २०३८!" धाकटीने विचारले, "तेव्हा आजी किती वर्षांची असेल?"

"पंच्याऐंशी," आई म्हणाली. "मास्तरांच्या हिशेबानं." आणि तिने पंचांग मिटले.

त्याच रात्री हिने अर्ज भरला.

शनिवारचा वाढदिवस यथासांग झाला. दुसरा शनिवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती. पुऱ्या आणि श्रीखंड झाले, इमारतीतली सोळा मुले आली, फुगे फुटले, एक रडले, दोघे भांडले. रिटर्न गिफ्टचा प्रश्न अकरा पेन्सिलपेट्यांनी आणि पाच नव्या पुस्तकांनी सोडवला. धाकटीला मात्र एक गोष्ट मनाविरुद्ध झाली होती : तारखेचा वाढदिवस रविवारी, म्हणजे वर्गात गोळ्या वाटता येणार नाहीत. त्यावर सोमवारी गोळ्या न्यायच्या असे ठरले. हिच्याशी तिने वेगळा करार केला. "माझ्या तारखेला तू पळणार, तर मला भेटायला थांबायचं. मी दहा आकडे म्हणेपर्यंत."

"थांबेन," ही म्हणाली.

दहा आकडे म्हणजे काय हे शर्यतीत पळणाऱ्यालाच कळते. हिने पावणेतीन तासांचा वेळ डोक्यात धरला होता. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागे एक पातळ चिप असते. सुरुवातीच्या रेषेवरून पाऊल पडले की तिचे घड्याळ सुरू होते आणि शेवटच्या रेषेवर बंद होते. मधल्या काळात तुम्ही पाणी प्यायलात, बुटाची नाडी बांधलीत किंवा लेकीला जवळ घेतलेत, तिला सगळे सारखेच. करारातली मेख माझ्या लक्षात आली होती, हिच्याही आली होती. पण दोघांपैकी कोणीही करार बदलायचे नाव काढले नाही.

१९ तारखेला ही रात्री अडीचलाच मैत्रिणींबरोबर निघून गेली. जाण्यापूर्वी झोपलेल्या धाकटीच्या उशाशी तिने तिळाची एक वडी ठेवली. अर्ध्या मॅरेथॉनची मंडळी पहाटे पाचच्या सुमारास माहीमहून सुटतात, सागरी सेतू ओलांडतात, वरळी, हाजी अली करत पेडर रोडचा चढ चढतात आणि चौपाटीवरून मरीन ड्राइव्हला लागतात. सागरी सेतूवर एरवी माणसाला पायी पाऊल टाकू देत नाहीत. वर्षातून एकदा पहाटेच्या अंधारात तिथून हजारो माणसे पळत जातात. पेडर रोडचे खरे नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. सगळे पळणारे त्या चढाला वचकून असतात, आणि त्या चढावरचे रहिवासी सकाळी संत्र्यांच्या फोडी, बिस्किटे आणि मीठ घेऊन खाली उतरलेले असतात. ओळख ना पाळख, पण "थोडंच राहिलं!" असे ओरडत असतात. थोडे मुळीच राहिलेले नसते.

आम्ही चौघे पहिल्या लोकलपैकी एका लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि चालत मरीन ड्राइव्हवर आलो. उजाडत होते. समुद्रावरून गार वारा येत होता. आईने शाल आणली होती ती धाकटीच्या अंगावर गेली. रस्त्याच्या कडेने बँड, शाळेची मुले, हातात फलक घेतलेली कुटुंबे. बिदागी घेऊन पळणारे वाऱ्यासारखे निघून जातात, त्यांच्याकडे बघून माणूस थक्क होतो आणि विसरतो. बघत राहावीशी वाटतात ती आपल्यासारखी माणसे. एक स्थूल गृहस्थ डोळे मिटून, जणू रामरक्षा म्हणत चालले होते. एक तरुणी नऊवारी नेसून पळत होती. एका अंध धावकाचे मनगट सोबत्याच्या मनगटाला छोट्या दोरीने बांधलेले होते आणि दोघांची पावले एका तालात पडत होती. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन पायांची शर्यत असे. त्यात जोडीदाराला ओढणारा हमखास पडायचा. इथे कोणी कोणाला ओढत नव्हते.

चिरंजीवांना मॅरेथॉनची माहिती हवी होती, म्हणून मी त्यांना बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर हा विचित्र आकडा कुठून आला ते सांगितले. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि मैदानात राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. राजवाड्यातल्या मुलांना सुरुवात बघता यावी म्हणून ती तिथून सुरू केली, असे सांगतात. ते अंतर पुढे १९२१ मध्ये कायमचे ठरले. त्याच शर्यतीत दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन सर्वांच्या पुढे मैदानात शिरला, पण इतका थकला होता की उलट दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा पडू लागला. शेवटी पंचांनी त्याला हात देऊन रेषेपार नेले. हात दिला म्हणून त्याला बाद ठरवले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला स्वतःतर्फे एक चषक दिला.

"म्हणजे कोणी मदत केली तर आऊट?" चिरंजीव म्हणाले.

"पहिल्या नंबरासाठी पळत असलास तर."

आई कठड्यापाशी उभी राहून हे ऐकत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आमच्या शाळेत शर्यत होती. सातवीत असताना. मी पहिली आले होते."

मी आईला जन्मापासून ओळखतो. हे मी प्रथमच ऐकत होतो.

"बक्षीस काय मिळालं, आजी?" धाकटीने विचारले.

"पितळेचा पेला. आपल्या देवघरात पाण्याचा असतो ना, तो."

"मग तुला कोण ओरडून सांगत होतं, थोडंच राहिलं म्हणून?"

"कोणी नाही गं. आमच्याकडचं कोणी यायचं नाही शाळेत. सगळी कामाला गेलेली असायची." एवढे बोलून आईने पदर नीट खोचला. "बघ, निळे कपडे. ती आपलीच आहे का?"

ती आपली नव्हती. आपली आली सात वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, लाल चेहऱ्याने, एक खांदा थोडा उतरलेला. आम्ही चौघेही एकदम ओरडलो. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितले, मग आमच्याकडे बघितले आणि पळणाऱ्यांच्या रांगेतून तिरपी होत कठड्यापाशी आली. गुडघे टेकून तिने धाकटीला कवेत घेतले. बोलायला श्वास नव्हता.

धाकटीने करार पाळला. तिने मोजायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..." आईने तिळाची वडी हिच्या तोंडात घातली. "चार..." आणि धाकटी थांबली. आईच्या छातीचा भाता तिच्या कानाला लागला असावा. तिने दोन्ही हातांनी हिला ढकलले. "जा! थोडंच राहिलं!"

ही गेली. पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत धाकटी कठड्यावर उभी होती आणि मी तिचा फ्रॉक घट्ट धरून होतो.

हिला एकूण दोन तास सत्तेचाळीस मिनिटे लागली. पावणेतीनचा बेत दोन मिनिटांनी हुकला. चिरंजीवांनी माझ्या फोनवर मोजले होते त्याप्रमाणे कठड्यापाशी गेले होते अकरा सेकंद. ते वजा करून 'आईचा खरा वेळ' छापावा असे त्यांचे मत पडले. हिने स्वतः याबद्दल काही खंत केल्याचे मला आठवत नाही. पायाला फोड आले होते, पदक गळ्यात होते आणि ठाण्याला उतरल्याबरोबर तिला तर्रीदार मिसळ हवी होती. ती आम्ही खाल्ली. संध्याकाळी धाकटीला तारखेचे म्हणून पुन्हा एकदा ओवाळले. मागून तिने हळूच विचारले, "आई, मी चारच म्हटले. बाकीचे सहा आकडे राहिलेत ना?" हिने तिला मांडीवर घेऊन ते उरलेले आकडे तिथे पुरे करून घेतले. त्याला अर्धा तास लागला.

या साऱ्या प्रकारानंतर मला वाटू लागले आहे, की संसारात कोणी पळते तेव्हा दुसरे कोणीतरी थांबलेले असते. शर्यतीच्या कागदावर पळणाऱ्याचा वेळ छापतात. थांबणाऱ्याचा कोणी मोजत नाही. थांबायची पाळी नेहमी एकावरच येऊ नये, एवढी काळजी घरातल्यांनी घ्यायची. आपल्या पूर्वजांनी चंद्रसूर्यांचेदेखील एकमेकांवाचून चालू दिले नाही. आपण तर एका वन रूम किचनमधून वाढत आलेली माणसे!

त्या वर्षीचा १ जून रविवारी आला. पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला होता. 'आजीला वाढदिवस का नाही' हा प्रश्न मुलांनी मनाशी धरून ठेवला होता. त्यांनी इमारतीतली सगळी मुले जमवून तळमजल्यावर गाड्यांच्या जागेत शर्यती ठरवल्या : लिंबू-चमचा, पोत्यात पाय घालून उड्या आणि शेवटी 'मोठ्यांची शर्यत'. भर पावसात तळमजल्यावरच्या काकांनी आपली मोटार बाहेर काढून दिली, याची इथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. आईला खुर्ची दिली होती आणि ताट वाजवून शर्यत सुरू करायचे काम दिले होते. लहानांच्या शर्यती संपल्या. मोठ्यांची पुकारली तेव्हा तिने ताट सुनेच्या हातात दिले, चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि पदर खोचला.

"आई, फरशी ओली आहे," मी म्हणालो.

"तू कडेला उभा राहा," आई म्हणाली. "आणि जरा ओरड."

ती पळाली असे म्हणता येणार नाही. भरभर चालली. जाऊन-येऊन दोन फेऱ्या. पण सतरा मुले, त्यांचे आईबाप आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून वाकलेली सगळी बिऱ्हाडे "थोडंच राहिलं!" म्हणून असा गिल्ला करत होती, की पावसाचा आवाज ऐकू येईना. चिरंजीवांनी शाळेच्या जुन्या वहीत रकाने आखले होते : नाव, जन्मतारीख, लागलेला वेळ. आजीच्या नावापुढे त्यांनी १ जून १९५२ असे लिहिले आणि वही तिच्यासमोर सही करायला धरली. आईने चष्मा लावून ती ओळ वाचली, धापा टाकत सही केली आणि विचारले, "केक कुठाय?"